बोटाला कळलं पाहिजे

पहिल्यांदा नानांना बघितलं तेव्हा मला वाटलं होतं हा माणूस चोर आहे.

१९९६ साल, मी अकरावीला, कोरेगाववरून रोज साताऱ्याला कॉलेज, लाल डब्यातून अप-डाऊन. त्या दिवशी पास संपलेला म्हणून तिकीट काढावं लागलं. कंडक्टरने पैसे घेतले, त्यातलं रुपयाचं एक नाणं अंगठ्याने चोळून खिडकीच्या उजेडाला तिरकं धरलं आणि चामड्याच्या बॅगेत टाकायच्या ऐवजी सरळ स्वतःच्या शर्टाच्या खिशात. मी बघतच राहिलो. मग त्यांनी त्याच खिशातून दुसरा रुपया काढून बॅगेत टाकला, माझ्याकडे बघितलं आणि म्हणाले, "काय बघतोस? एक गेला, एक आला. हिशोब तेवढाच हाय."

ड्युटीवर निघताना कंडक्टरला आपल्या खिशात किती पैसे आहेत ते लिहून द्यावं लागतं, वाटेत चेकिंग झालं आणि रक्कम जुळली नाही तर नोकरीवर येतं, हे मला नंतर कळलं. म्हणजे हा माणूस रोज लिहून दिलेल्या दहा-पंधरा रुपयांच्या भांडवलावर छंद चालवत होता. तेव्हा मी फक्त एवढंच विचारलं की त्या रुपयात काय होतं.

"इंग्लंडचा हाय."

मला वाटलं चेष्टा करतायत. आपले तीन सिंह, भारत लिहिलेलं, साल १९८५. त्यांनी पुन्हा खिशातून काढून दाखवला. सालाच्या खाली इंग्रजी एच अक्षर, मुंगीएवढं. तेव्हा देशात सुट्ट्यांची इतकी टंचाई झाली की आपल्या टांकसाळी पुरेनात, मग काही नाणी बाहेरून पाडून आणली, हा एच म्हणजे बर्मिंगहॅमच्या हीटनच्या टांकसाळीचा. आणि आपली? "सालाच्या पोटाखाली बघायचं. टिकली चौकटीसारखी असली तर मुंबई, चांदणी असली तर हैदराबाद, गोल ठिपका नोएडा, काहीच नसलं तर कलकत्ता." एवढं सांगून ते पुढच्या सीटवर गेले, तिकीट तिकीट करत. मी मात्र सातारा स्टँड येईपर्यंत खिशातली चिल्लर उलटीसुलटी करत बसलो. चार मुंबई, दोन हैदराबाद, एक कलकत्ता. तोपर्यंत सोळा वर्षं मी पैसे हातात घेतले होते आणि एकदाही बघितले नव्हते.

पुढे त्यांच्या ड्युटीचा चार्टच मला पाठ झाला. त्यांची गाडी असेल त्या दिवशी मी मागच्या सीटवर, कंडक्टरशेजारी. नाव घ्यायची वेळ फारशी कधी आलीच नाही, सगळा डेपो नाना म्हणायचा, मीही नाना.

नाणी जमवणारे लोक मी त्यानंतर भरपूर बघितले. प्रदर्शनात टेबलं मांडून बसलेले, भिंगं लावलेले, अल्बममध्ये एकेका नाण्याला प्लॅस्टिकचं घर करून देणारे, बोलायला लागले की पाच मिनिटांत किमतीवर येणारे. मीही त्यातलाच होतो बराच काळ, खोटं कशाला बोला. नानांचं सगळं शास्त्र मात्र वेगळ्या जागेवरून सुरू व्हायचं. "नाणं डोळ्यासाठी नसतंय रं. बोटासाठी असतंय."

आता हे वाक्य ऐकायला भारी वाटतं पण त्यांच्या तोंडी ते अगदीच धंद्यातलं होतं. संध्याकाळची शेवटची गाडी, आतला दिवा मिणमिणता, माणसं दारापर्यंत उभी, एक हात वरच्या दांडीला आणि दुसरा बॅगेत. डोळ्यांनी बघून सुट्टे द्यायचे म्हटलं तर गाडी मुक्कामाला पोचली तरी तिकिटं संपायची नाहीत. सगळं बोटावर. सत्तरीच्या दशकात ते लागले तेव्हा पाच पैसे चौकोनी, दहा पैसे पाकळ्यापाकळ्यांचं, तीन पैसे षटकोनी, पुढे वीस पैसेही षटकोनीच आलं पण आकाराने मोठं. त्याच्या आधी आण्यांच्या काळातही तेच, एक आणा पाकळ्यांचा, चवली म्हणजे दोन आण्याचं नाणं चौकोनी पण कोपरे गोल केलेलं. म्हणजे ज्याने कुणी ही नाणी ठरवली त्याच्या डोक्यात अंधारातला माणूस होता, म्हातारी माणसं होती, न वाचता येणारी होती. नाना म्हणायचे त्याला एकदा भेटायला पाहिजे होतं.

आणि मग गोल स्टीलचा जमाना आला आणि नानांचं डोकं फिरलं. पंचवीस पैसे गोल, पन्नास गोल, रुपया गोल. दोन रुपयाचं अकरा कोनांचं होतं ते त्यांचं फार लाडकं, पण २००५ च्या सुमाराला तेही गोल झालं आणि रुपयात नि त्याच्यात फरक राहिला जेमतेम दोन मिलिमीटरचा. ते वर्षभरात रिटायर झाले, पण जाताजाता त्या दोन रुपयाने त्यांचा बऱ्यापैकी तोटा केला. पुढे २००७ ला हाताच्या मुद्रा असलेली नाणी आली, रुपयावर अंगठा आणि दोन रुपयावर दोन बोटं. मी कौतुकाने नवी कोरी नेऊन दिली. त्यांनी डोळे मिटून बोटात फिरवली, परत दिली. "बोटं काढली नाण्यावर. बोटांना काय कळतंय का तेवढं इचारलं न्हाई." २०११ नंतर तर कहरच, नवीन दोन रुपये झाले बरोब्बर जुन्या रुपयाएवढे, पंचवीस मिलिमीटर. आमच्याकडे त्या वर्षी या विषयावर महिनाभर चर्चा चालली. चर्चा म्हणजे नाना बोलायचे, मी चहा प्यायचो.

त्यांच्या लहानपणीचा एक किस्सा इथेच सांगून टाकतो. १ एप्रिल १९५७ ला नवे पैसे आले तेव्हा ते नऊ वर्षांचे. रुपयाचे सोळा आणे होते ते शंभर पैसे झाले, म्हणजे एका आण्याचे सव्वासहा. आता पाव पैसा कोण कुणाला देणार? सरकारी कोष्टकात एक आणा म्हणजे सहा पैसे, दोन आणे म्हणजे बारा, तीन आणे एकोणीस आणि चार आणे पंचवीस. नानांच्या आईने त्यांना चवलीचा गूळ आणायला पाठवलं, यांनी डोकं लढवून आण्या-आण्याचा दोनदा वेगळा घेतला, की प्रत्येक वेळी पाव पैसा आपला वाचेल. वाचलं काहीच नाही, दोन आण्यालाही बाराच. पण दुकानदाराने गूळ दोनदा तोलला आणि दोन्ही वेळा काटा जरा पलीकडे झुकला. "पैसा तिथंच असतोय, फायदा बाजूला असतोय," असं काहीतरी ते यावर म्हणायचे. त्याचा अर्थ मला आजवर लागलेला नाही.

बारावीच्या सुट्टीत मी माझी पहिली शिवराई, शिवाजी महाराजांच्या नावाचं तांब्याचं नाणं, मिळवली. आजोळी देव्हाऱ्यात होती, मामाने दिली, काळपट तपकिरी, बोटभर रुंद, एका बाजूला श्री राजा शिव आणि दुसऱ्या बाजूला छत्र पति. पूर्ण अक्षरं नव्हती. शिवराईवर ती बहुतेक नसतातच, कारण ठसा मोठा आणि तांब्याचा तुकडा लहान, हातोडा बसेल तेवढंच उमटतं, कुणाच्या वाट्याला नुसता 'राजा' येतो, कुणाच्या वाट्याला 'पति'चा ति. मी काय केलं? चिंच आणि मीठ घेतलं आणि आई तांब्याचा हंडा घासते तसं ते नाणं पाऊण तास घासलं. नव्या पाइपसारखं गुलाबी लखलखीत झालं. तसंच रुमालात बांधून नानांकडे नेलं.

त्यांनी रुमाल सोडला आणि बराच वेळ बोललेच नाहीत. मग म्हणाले, "आंघोळ घातलीस का सोलून काढलंस?"

मी आपला वर तोंड करून, स्वच्छ केलं नाना. त्यांनी आतून त्यांच्याकडची एक शिवराई आणली, त्यांच्या आईच्या देव्हाऱ्यातली. माझी मूळची होती तशीच, तपकिरी, कडेला काळी, वरून बोटाला तेलकट गुळगुळीत. भिंग दिलं. 'श्री'च्या वेलांटीत, अगदी खोल, लाल रेघ होती. कुंकू. कितीतरी वर्षांचं साचलेलं कुंकू. "तांब्यावर जी कातडी चढती ना ती चढायला शंभर-दोनशे वर्षं लागतात, ती त्याला राखती. तू ती काढलीस, आता ते उघडं पडलंय, हिरवं धरंल बघ." आणि खरंच दोन पावसाळ्यांत कडेने हिरवं धरलं. पण ते शास्त्र झालं. मला लागलं ते वेगळंच, की माझ्या नाण्यातसुद्धा कदाचित कुंकू असणार, माझ्या पणजीचं, नाहीतर तिच्या सासूचं, आणि मी ते मोरीत सोडून दिलं होतं. नानांनी हे म्हटलं नाही. त्यांनी फक्त भिंग माझ्या हातात राहू दिलं.

(नाणी धुवायची नाहीत हा नियम कुठल्याही पुस्तकात पहिल्या पानावर असतो, मीही पुढे पन्नास जणांना सांगितला, त्यातल्या चाळीस जणांनी तरी पितांबरी लावलीच. माणसाला जुनं आवडतं पण मळकं आवडत नाही, काय करणार.)

त्याच दिवशी त्यांनी मला चुकांचा डबा दाखवला. बिस्किटांचा पत्र्याचा चौकोनी डबा, झाकण जरा वाकडं, उघडताना किर्र वाजायचं. त्यात त्यांच्या फसलेल्या खरेद्या आणि बिघडवलेली नाणी. एक पावली, म्हणजे चार आण्याचं नाणं, त्यांनीच तरुणपणी ब्रश मारून खरवडलेली. दोन ओतीव शिवराया, साच्यातून काढलेल्या, कडेला बारीक शिवण दिसणाऱ्या. आणि ते राम-सीता-हनुमान असलेलं ईस्ट इंडिया कंपनीचं १८१८ चं एक आण्याचं नाणं, जे कंपनीने कधी पाडलंच नाही पण आजही दर गावात एकाकडे असतं आणि त्याला ते कोटीचं वाटतं. प्रत्येकाला कागदाची चिठ्ठी, कुठे घेतलं, कधी, किती दिले, कसा फसलो. कुणी नवीन पोरगं नाणी बघायला आलं की नाना आधी हा डबा उघडायचे, चांगली नाणी नंतर. मला वाटायचं नम्रता आहे. तसं काही नव्हतं. "चांगलं नाणं बघून काय शिकणार? चांगलं चांगलंच दिसतंय."

माझी गुलाबी शिवराई मी त्यात टाकायला गेलो तर घेतली नाही. "तुझा डबा तू कर."

पुण्याला नोकरी लागली २००२ मध्ये आणि माझं सुरू झालं जुन्या बाजाराचं वेड. कुंभारवेशीजवळचा तो बुधवार-रविवारचा बाजार, भंगार, इंजिनाचे पार्ट, पितळी कुलपं, कुणाच्यातरी आजोबांचे चष्मे, आणि मधेच एखादा चादरीवर नाण्यांचा ढीग मांडून बसलेला. नाना महिन्यातून एखादी सुट्टी जोडून यायचे, स्टँडवरून चालतच. ढिगात हात घालायची त्यांची पद्धत बघण्यासारखी होती. बघायचे नाहीत. विक्रेत्याशी पावसापाण्याचं बोलत राहायचे आणि हात ढिगात, तांदूळ निवडल्यासारखा. मधेच एक बाहेर. ढब्बू, म्हणजे दुप्पट किमतीची जाड शिवराई असेल तर जाडीवरून कळायचं, दुदांडी शिवराई अक्षरांच्या मधल्या दोन आडव्या दांड्यांवरून, चांदीचं असेल तर गार लागतं म्हणायचे, पटकन गार आणि पटकन गरम.

तिथे एकाकडे मला १९३९ चा रुपया मिळाला. ज्यांना माहीत नाही त्यांच्यासाठी, सहाव्या जॉर्जचा १९३९ सालचा चांदीचा रुपया फार दुर्मिळ, जमवणाऱ्यांच्या स्वप्नात येणारा. दुसऱ्याच वर्षी सरकारने रुपयातली चांदी निम्म्यावर आणली, त्यामुळे हा जुन्या भारी चांदीच्या शेवटच्या रुपयांपैकी. विक्रेत्याने दोन हजार सांगितले. माझा हात थरथरायला लागला, कारण खरा असेल तर दोन हजार म्हणजे काहीच नाही, आणि खोटा असेल तर माझा अर्ध्या महिन्याचा खर्च. नाना सोबत होते. त्यांनी घेतला, चोळला, अंगठ्याच्या नखावर तोलून टिचकी मारली. खणखणीत. ओळखीच्या सराफाकडे नेऊन वजन केलं, ११.६६ ग्रॅम, बरोब्बर तोळा. चांदी खरी, छाप खरी, कड खरी. "घे," म्हणाले.

घेतला. पंधरा दिवस मी ढगात.

मग एका शनिवारी सकाळी सात वाजता नाना माझ्या खोलीच्या दारात, साताऱ्याहून पहिल्या गाडीने आलेले. चहासुद्धा नको म्हणाले. "तो रुपया काढ आन् भिंग काढ." झालं असं होतं की रात्री झोप लागली नाही म्हणून त्यांनी स्वतःकडचा १९३८ चा रुपया काढून नऊच्या आकड्यावर बोट फिरवून बघितलं, आणि मग सालातल्या आठावर, आणि त्यांना आठवेना की माझ्या रुपयातला शेवटचा नऊ बोटाला कसा लागला होता. लागलाच नव्हता, कारण त्यांनी तिथे बोट नेलंच नव्हतं. वजन, आवाज, कड, सगळं केलं आणि नेमका आकडा राहिला. भिंगातून दिसलं. १९३८ चा अस्सल रुपया, आठाची खालची डावी बाजू बारीक हत्याराने खरवडून नऊ केलेला. सगळं नाणं खरं आणि एक रेघ खोटी. म्हणून सगळ्या परीक्षांत पास.

त्यांनी खिशातून हजार रुपये काढून टेबलावर ठेवले. "निम्मे माझे. मी घे म्हणालो."

आणि मी घेतले. हे लिहिताना आजही कान गरम होतात, पण घेतले. महिनाअखेर होती, वगैरे वगैरे. एसटीच्या कंडक्टरला हजार रुपये म्हणजे काय हे मला कळत नव्हतं असं नाही. जाताना त्यांनी रुपया मागितला, मी दिला, आणि पायऱ्या उतरताना म्हणाले की जेवढं तपासतो तेवढं सापडत न्हाई, न तपासलेल्या जागी सापडतंय.

जुन्या मराठी व्यवहारात बट्टा म्हणून एक प्रकार होता. पेशवाईत दहा ठिकाणच्या टांकसाळींचे रुपये चालायचे, पुण्याचा अंकुशी, चांदवडी, आणखी कुठले कुठले. एक रुपया दुसऱ्याच्या बदल्यात द्यायचा तर सराफ चांदी बघून, घासलेलं बघून काही कापून घ्यायचा, तो बट्टा. आपण नावाला बट्टा लागला म्हणतो ते तिथलंच. नानांना हा शब्द फार आवडायचा. त्या हजार रुपयांबद्दल मी पुढे कितीतरी वेळा विषय काढायचा प्रयत्न केला, परत देतो म्हणालो, तर दर वेळी हसून, "बट्टा कापलाय, व्यवहार संपला."

एक गोष्ट मात्र अशी की ज्यात मला ते तेव्हा चुकीचे वाटले होते, चांगलं भांडण झालं होतं. मेढ्याच्या गाडीत एका शेतकऱ्याने त्यांना फडक्यात बांधलेली नाणी दाखवली, घराचा पाया खणताना निघालेली, मातीसकट, वीस-पंचवीस शिवराया. देऊन टाकायला तयार होता, मागत होता ती रक्कमही हसण्यासारखी. नानांनी घेतली नाहीत. उलट त्याला सांगितलं की जमिनीत सापडलेलं धन दहा रुपयांच्या वर असेल तर सरकारला कळवावं लागतं, १८७८ चा कायदा आहे, तहसीलमध्ये जा. तो माणूस अर्थात गेला नाही. वैतागून उतरला आणि ती नाणी कुठल्यातरी भंगारात नाहीतर कुणातरी दलालाकडे गेली असणार. मी चिडलो. म्हटलं तुम्ही घेतली असती तर निदान नीट राहिली असती, त्या दहा रुपयांच्या कायद्यापायी गेली. आणि अजूनही माझं थोडं तेच मत आहे. सरकारी कचेरीत हेलपाटे कोण घालणार, वर चौकशी आपलीच. लोकांना भीती वाटते म्हणून तांबं वितळतं, हे नाकारता येत नाही.

नाना त्यावर वादाला बसले नाहीत, त्यांनी वही काढली. दोनशे पानी, लांबट, हिशोबाची. प्रत्येक नाण्याला रकाने, तारीख, नाणं, कुठून, कुणाकडून, किती दिले, आणि शेवटचा रकाना 'काय कळलं'. त्या न घेतलेल्या नाण्यांचीही नोंद होती. गाव, पायाची खोली हाताच्या मापात, मडकं नव्हतं, फडकं कुजलेलं होतं, किती पूर्ण, किती अर्ध्या, किती दुदांडी. चालत्या गाडीत, पाच मिनिटांत, बोटाने चाचपून मोजलेलं.

त्याच वर्षी आम्ही नाशिकला गेलो, अंजनेरीला, त्र्यंबकच्या रस्त्यावर. तिथे नाणकशास्त्राची संशोधन संस्था आहे, परमेश्वरीलाल गुप्तांनी उभी केलेली, नाण्यांचं संग्रहालयही आहे. नानांची फार दिवसांची इच्छा होती. पण त्यांना मला तिथे न्यायचं होतं ते जोगळटेंभीचं सांगायला. १९०६ साली नाशिकजवळ त्या गावात तेरा हजारांच्या वर चांदीची नाणी एका ठिकाणी सापडली. क्षत्रप घराण्यातल्या नहपान राजाची, एका बाजूला त्याचा चेहरा. आणि त्यातल्या नऊ हजारांपेक्षा जास्त नाण्यांवर सातवाहन राजा गौतमीपुत्र सातकर्णीने स्वतःचा ठसा पुन्हा मारलेला, चेहऱ्यावरच डोंगरासारखी खूण, जुन्याचं नाक-डोळे खालून डोकावतायत. सातवाहनांनी नहपानाला हरवून त्याचा पैसा आपला करून घेतला हे दगडातल्या लेखांबरोबर या ढिगानेही सांगितलं. "आता समज," नाना म्हणाले, अंजनेरीच्या स्टॉपवर भेळ खाताखाता, "गावातल्या धा जणांनी ती वाटून घिऊन जोडवी केली असती. मग एखादं सुटं नाणं जुन्या बाजारात तुला गावलं असतं. तू म्हणाला असतास, छाप बिघडलीय, पन्नास रुपये कमी कर."

मी खरंच तसंच म्हणालो असतो. म्हणून गप्प बसलो. आणि ते मेढ्याचं भांडण तिथेच विरलं, मिटलं नाही पण विरलं.

नंतरची वर्षं भराभर गेली. माझं लग्न, बदली, मुलगी, छंद कपाटात. नानांना काचबिंदू झाला, उशिरा कळला, डावा डोळा गेला आणि उजव्याने अंधूक. २०२१ मध्ये फोन आला, आवाज वैतागलेला. कुणीतरी मोबाइलवर त्यांना सांगत होतं की वैष्णोदेवीचं पाच रुपयाचं नाणं असेल तर दहा लाख देतो, आधी फक्त टॅक्स आणि कमिशन भरा. रिझर्व्ह बँकेचं नावसुद्धा घेतलं. त्याच ऑगस्टमध्ये बँकेने जाहीर सांगितलं होतं की आमच्या नावाने असली जुन्या नोटा-नाण्यांची खरेदी-विक्री चालवणाऱ्यांना फसू नका. नाना फसले नव्हते. त्यांनी त्या माणसाला अर्धा तास फोनवर ठेवून नाण्याच्या टांकसाळीची खूण विचारली होती, आणि त्याला सांगता आली नाही याचा त्यांना जास्त राग आला होता.

शेवटचं भेटलो ते दिवाळीत. अंगणात खुर्ची टाकून बसलेले. मी मुद्दाम वीस रुपयाचं नवं नाणं नेलं होतं, काही न बोलता तळहातावर ठेवलं. त्यांनी मुठीत घेतलं, मग अंगठ्याने कडेकडेने फिरत गेले, हळूहळू, ओठ हलत होते. मोजत होते.

"बारा कोन," म्हणाले. "आत्ता कुठं शाणे झाले."

आणि मग तेच नाणं किती तरी वेळ बोटात फिरवत राहिले, गप्पा दुसऱ्याच चालल्या होत्या, काकूंचं गुडघ्याचं, मुलाचं प्रमोशन, एसटीचा संप. निघताना परत द्यायला लागले, मी म्हटलं ठेवा. त्यांनी शर्टाच्या खिशात हात घातला, चाचपून दोन दहाची नाणी काढली आणि माझ्या हातावर ठेवली. एक गेलं, दोन आले, हिशोब तेवढाच.

पुढच्या मार्चमध्ये नाना गेले.

महिन्याभराने काकूंनी बोलावलं. मुलाला यातलं काही कळत नव्हतं, त्याने प्रामाणिकपणे सांगितलं, तुम्हीच काय ते बघा. वही होती, नाणी होती, दोन दिवस बसून मी यादी केली. प्लॅस्टिकच्या पिशव्या, औषधाच्या रिकाम्या डब्या, एक जुनी तिकिटाची पेटी, तिच्या खाचांमध्ये आणे-पैशांची ओळ बसवलेली. किंमत तशी फार नाही. घासलेली नाणी सगळी, हातातून हातात गेलेली, जमवणारे ज्याला हलक्या प्रतीची म्हणतात ती. वहीत शेवटच्या पानांवर अक्षर मोठं मोठं आणि ओळ सोडून गेलेलं.

चुकांचा डबा फडताळावर होता. काकूंनीच काढून दिला. किर्र. वरच माझा रुपया. चिठ्ठी दोनदा घडी घातलेली:

"जुना बाजार, रविवार. रु. २०००. ३८ चा ३९. वजन केले, वाजवला, आकड्यावर बोट नेले नाही. दोघांची चूक. पोरगा नवीन आहे, माझी जास्त."

मी ती पुन्हा घडी घालून ठेवली. काकू समोर बसलेल्या, शेंगा फोडत. म्हणाल्या, "ह्यात मोलाचं काय हाय का रं?"

म्हटलं काकू, एक चांदीचा रुपया आहे, चांदीचे पैसे येतील. बाकीच्याचं काही नाही.

"मग ह्यो डबा राहू दे घरात. बाकीचं तू बघ," असं म्हणून त्यांनी झाकण दाबून बसवलं, नीट बसेना, तशा तळहाताने वरून दोनदा मारलं, आणि डबा परत फडताळावर, साखरेच्या बरणीमागे.